ठेका कामाचा आहे, कुशीचा नाही!

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या कामगार बहिणींनो, भावांनो,

आनंदनगर एमआयडीसी असो, मोरिवली असो, माणकिवली असो की उल्हासनगरच्या कॅम्पांतले जीन्सचे गाळे, बाईला दिवस गेल्याचं कळलं की सुपरवायझरचं बोलणं ठरलेलं: "आता घरी बस. बाळ मोठं झालं की ये, मग बघू." ही रजा नव्हे. हे कामावरून काढणं आहे, आणि आपण ते वर्षानुवर्षं माया समजून ऐकून घेतलं.

कायदा काय म्हणतो ते एकदा नीट वाचा. बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरलं असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, तिसऱ्याला 12 आठवडे. 80 दिवस म्हणजे जेमतेम तीन महिन्यांची हजेरी. ठेकेदार सात-आठ महिन्यांनी ब्रेक देतो तो कायम नोकरीचा दावा करण्याइतके 240 दिवस भरू नयेत म्हणून. बाळंतपणाच्या हक्काला 240 लागतच नाहीत! पण ब्रेकची ही धास्ती आपल्या अंगात इतकी मुरली आहे की हा हक्कही आपण मनातल्या मनात सोडून देतो.

"तू पर्मनंट नाहीस" हे उत्तरही खोटं. दिल्ली महापालिकेने रोजंदारीवरच्या बायकांना हेच सुनावलं होतं. 8 मार्च 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला फटकारलं आणि हजेरीपटावरच्या बाईलाही हा हक्क आहे असा निकाल दिला. झाडलोट ठेक्याने देणाऱ्या आपल्याकडच्या पालिकांनी हा निकाल भिंतीवर लावावा. दुसरा निकाल 17 ऑगस्ट 2023चा. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरबाईंनी 1 जून 2017पासून रजा मागितली. करार 11 जूनला संपत होता, म्हणून रुग्णालयाने हिशोब करून 11 दिवस दिले. न्यायालय म्हणालं, अटी पूर्ण झाल्या असतील तर करार संपला तरी लाभ पूर्ण मिळाला पाहिजे.

"तो कायदा गेला, आता नवीन आला," अशीही थाप ऐकू येईल. 1961चा कायदा 21 नोव्हेंबर 2025पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, एवढंच खरं. 80 दिवस आणि 26 आठवडे तिथेही तसेच आहेत.

आता मालकाचं रडगाणं. सहा महिने फुकट पगार द्यायचा तर बायका कामावर ठेवायच्याच कशाला? लहान कारखानदाराची ही अडचण आम्ही खोटी म्हणत नाही. पण हे गाऱ्हाणं जवळपास शंभर वर्षं जुनं आहे. जुलै 1928मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांसाठीच्या प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला उत्तर दिलं: आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून सरकारने भार उचलावा, आणि बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. आज तर कामगार विमा आहे. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर मालक 3.25 टक्के भरतो, आपले 0.75 टक्के कापले जातात आणि बाळंतपणाचा पैसा कामगार विमा महामंडळ देतं. रोज 500 रुपये धरला तर 182 दिवसांचे 91,000 होतात. यात मालकाच्या गल्ल्यातून वेगळा रुपयाही जात नाही. मग "घरी बस" कशासाठी? कारण विमा भरलेलाच नसतो. पगारातून कापतात, पुढे भरत नाहीत. किंवा सव्वीस दिवस राबवून बारा दाखवतात.

म्हणून विमा नंबर तोंडपाठ ठेवा. ठेकेदार बदलला तरी नंबर तोच राहतो, आणि आधीच्या दोन हप्ता-काळांत मिळून 70 दिवसांचा हप्ता भरलेला असला की पुरतं. किती दिवस भरले ते मोबाइलवर उमंग ॲपमध्ये दिसतं. ठेकेदाराने बुडवलं तर मूळ कंपनीला भरावं लागतं; "तो आमचा माणूस नाही" म्हणून तिला हात झटकता येत नाहीत.

बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घेणं हाच गुन्हा आहे. तरी पंधरा दिवसांत लाइनवर उभ्या राहिलेल्या बायका आपल्याला माहीत आहेत. त्या हौसेने आल्या नव्हत्या.

घरी बसून जीन्सचे धागे कापणारी, बटणं लावणारी बाई यातल्या कशातच नाही. तिची हजेरी कुणाच्याच वहीत नाही. तिच्यासाठी फक्त मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. एकाच पॅन्टवर दोघींचे हात फिरतात. एकीला 91,000, दुसरीला 5,000. पीसवर काम देणाऱ्या प्रत्येक गाळ्याने या बायकांचीही नोंद ठेवावी, ही आमची पहिली मागणी.

आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकराला 15 दिवस पितृत्व रजा आहे. ठेक्यावरच्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो लोकलला लटकलेला असतो आणि बाळंतीण एकटी. ही रजा आमची दुसरी मागणी.

बहिणींनो, रजेचा अर्ज लेखी द्या आणि झेरॉक्सवर सही-तारीख घ्या. "घरी बस" म्हणणाऱ्याला सांगा, हेच कागदावर लिहून दे. लिहून कुणी देणार नाही. पगाराच्या दिवशी एकटीने विचारू नका; चार जणी मिळून गेटवर उभ्या राहा आणि विमा नंबर मागा.