मामूंचं नाव यादीत कुणी घातलं?

मार्च २०२५च्या रमजानची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी जकात-फित्र्याच्या पैशातून गरजू घरांना किराण्याच्या थैल्या दिल्या जातात. पीठ, तेल, डाळ, शेवया, खजूर आणि दोन किलो साखर. कोणाकडे थैली जाणार याची यादी लिहायचं काम माझ्याकडे असतं. मास्तर माणूस, अक्षर बरं, उर्दू-मराठी दोन्ही लिहिता येतं. या वेळी मी त्या यादीत एक नाव वाढवलं. आमच्या गल्लीतल्या मामूंचं.

मामू माझे सख्खे मामा नाहीत, पण गल्ली त्यांना मामूच म्हणते. जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काम केलं, शेवटची बरीच वर्षं पॅनवर. २०१३ साली रिटायर झाले. त्याच वहीच्या देणाऱ्यांच्या रकान्यात त्यांचं नाव कित्येक वर्षं होतं, आणि ते सर्वांच्या आधी पैसे आणून द्यायचे. मग एका वर्षी ते नाव गळलं. आम्ही कुणी विचारलं नाही.

थैली पोचली त्याच संध्याकाळी तरावीहच्या आधी मामू थैली घेऊन माझ्या दारात आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "मास्टर, मेरा नाम इस कागजपे कैसा आया?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा सुचलेलं उत्तर आहे.

मामूंना दरमहा २,०४६ रुपये पेन्शन मिळते. वाचताना तुमची चूक झालेली नाही, आकडा एवढाच आहे. २०२५मध्ये गॅसचं एक सिलिंडर घेतलं की त्यातली चाळीस टक्के रक्कम जायची. उरलेल्या पैशात मामींच्या शुगरच्या गोळ्या, वीजबिल आणि दोन माणसांचं जेवण. मुलगा भाड्याचा टेम्पो चालवतो, त्याची तीन लेकरं आहेत. ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे तीस दिवसांत मिळायला हवी होती, ती तुकड्यातुकड्यांनी आली आणि शेवटचा तुकडा बारा वर्षांनंतरही यायचाच आहे.

हे २,०४६ कुठून आले? कारखाना, एसटी, बिडी, गिरणी, सहकारी संस्था अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसाची पेन्शन १६ नोव्हेंबर १९९५ला सुरू झालेल्या ईपीएस-९५ या योजनेतून येते. मालकाच्या फंडातल्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम त्यात जाते. पण कुठला पगार? खरा नाही. कायद्यानं ठरवून दिलेला. २०१४च्या सप्टेंबरपर्यंत ही मर्यादा ६,५०० रुपये होती, त्यानंतर १५,००० झाली. मामूंना हातात कितीही पगार पडो, पेन्शनच्या हिशेबात ते कायम साडेसहा हजारांचेच कामगार राहिले. त्या पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणा आणि ७०ने भागा. १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं धरली तर १,६७१ रुपये येतात. त्याआधीच्या वर्षांचे थोडे मिळवा, झाली मामूंची पेन्शन. २०१३ साली जी बसली, ती आजही तीच. या योजनेत महागाई भत्ता नावाची गोष्टच नाही.

मामू एकटे नाहीत. देशात ईपीएस-९५चे सुमारे ७८ लाख पेन्शनर आहेत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे ते नगर धावली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याच एसटीतून आज रिटायर होणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरची पेन्शन याच सूत्रानं निघते आणि तीही काही हजारांतच थांबते. २०२१-२२मध्ये एसटी कामगार विलीनीकरणासाठी पाच महिने संपावर बसले, तेव्हा शहाण्या लोकांनी त्यांना हट्टी ठरवलं. त्या हट्टामागे हे म्हातारपण होतं. नगर-संगमनेरच्या ज्या बायांनी उभं आयुष्य तंबाखूच्या सुपासमोर काढलं, त्यांचे आकडे तर याहून लहान. या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये आहे. २०१४मध्ये ठरली, अजून तेवढीच. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, या आकड्याला कुणी हात लावला नाही.

आता सरकारच्या दयाळूपणाचं गणित बघा. पासष्टीच्या पुढच्या निराधारांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे, दरमहा १,५०० रुपयांची. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. मामूंची पेन्शन वर्षाला २४,५५२ होते. मुलाची कमाई बाजूला ठेवली तरी आपल्या सरकारच्या लेखी मामू श्रीमंत आहेत! बत्तीस वर्षं राबून त्यांनी निराधार म्हणवून घेण्याचा अधिकारही गमावला.

आणि खरोखरच्या श्रीमंतांचं काय? मामू थैली परत करून गेले त्याच मार्च महिन्यात केंद्र सरकारनं माजी खासदारांची पेन्शन २५,०००वरून ३१,००० केली, तीही १ एप्रिल २०२३पासून, मागच्या तारखेनं. कारण काय दिलं? महागाईचा निर्देशांक. महाराष्ट्रात एकदाच निवडून आलेल्या माजी आमदारालाही दरमहा ५०,००० रुपये मिळतात, आणि पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला २,००० जास्त. पाच वर्षांच्या आमदारकीत बत्तीस वर्षांचे चोवीस पॅनवाले बसतात. महागाई माजी खासदाराच्या घरी पोचते आणि मामूंच्या घरी पोचत नाही, असं काही आहे का?

"पैसे कुठून आणायचे?" हा प्रश्न लगेच येतो. शिक्षक आहे, हिशेब मांडून दाखवतो. पेन्शनरांच्या संघर्ष समितीची मागणी दरमहा ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता अशी आहे. समजा सगळ्या ७८ लाखांना पूर्ण साडेसात हजार द्यायचे आणि त्यातला पैसा अन् पैसा सरकारनंच घालायचा. फंडात जमलेलं धरूच नका. वर्षाला ७०,२०० कोटी होतात. प्रचंड रक्कम आहे, मान्य. पण सप्टेंबर २०१९मध्ये कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२वर आणला, तेव्हा वर्षाला १,४५,००० कोटींचा महसूल सोडावा लागेल असं सरकारनंच सांगितलं होतं. एका सकाळी जाहीर झालेल्या त्या निर्णयाच्या निम्म्या पैशात या सगळ्या ७८ लाख पेन्शनरांचं म्हातारपण मार्गी लागतं. तेव्हा "पैसे कुठून आणायचे" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणखी पुढे जाऊ. माणूस मेल्यावर त्याच्या मोठ्या मालमत्तेवर लागणारा वारसा कर १९८५ साली रद्द झाला. ३० लाखांच्या वरच्या संपत्तीवरचा एक टक्का संपत्ती कर २०१५मध्ये गेला. आज देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे ४० टक्के संपत्ती आहे. हा थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२-२३साठी काढलेला आकडा आहे. माझ्या आईकडे थोडं सोनं आहे. त्यावर ती दरवर्षी अडीच टक्के जकात काढते, कधी त्यासाठी अंगठीही विकते. अल्लाहचा हिशेब तिला चुकवता येत नाही. पण हजारो कोटींच्या साठलेल्या संपत्तीवर या देशाचा वर्षाचा कर शून्य आहे. माझ्या आईपेक्षा अब्जाधीशांना सूट जास्त, ही व्यवस्था कुठल्या धर्मात बसते, ते सर्वच धर्मांच्या विद्वानांनी सांगावं.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलू. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला. शेतकरी स्वतः मालक होईल, सावकार आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून सुटेल, असं ते स्वप्न होतं. त्या स्वप्नानं जिल्हा बदलला, हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण पुढे त्या धुराड्यांच्या आसऱ्यानं कॉलेजं उभी राहिली, दवाखाने उभे राहिले, घराणी उभी राहिली. कारखाना अडचणीत आला की त्याच्या कर्जाला सरकारची थकहमी मिळते. ज्यांनी पॅनवर उभं राहून रात्रपाळ्या काढल्या, त्यांच्या म्हातारपणाला थकहमी कुणी दिली?

काही वाचक म्हणतील, पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कामगारांना तर फंडही नाही, पेन्शनही नाही. मामूंना निदान दोन हजार तरी मिळतात. अगदी खरं आहे. पण ही दलील मी नेहमी वरून खाली येतानाच ऐकतो. ऊसतोड्याकडे बोट दाखवून कारखान्याच्या कामगाराला गप्प करायचं, कामगाराकडे बोट दाखवून शिक्षकाला. वर बोट दाखवायची वेळ कधी येतच नाही. ऊसतोड कामगारालाही पेन्शन हवी, हे त्या दलिलीचं खरं उत्तर आहे.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण दुसऱ्यावर टीका करणं सोपं असतं. मी २००५च्या नोव्हेंबरनंतर नोकरीला लागलो, म्हणजे जुनी पेन्शन मलाही नाही. मार्च २०२३मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्यात मी होतो. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा मीही घसा बसेपर्यंत दिली. तेव्हा चौकात मामू भेटले होते. हसून विचारलं होतं, "इसमें हमारा भी कुछ है क्या?" नव्हतं. आमच्या मागणीत ते कुठेच नव्हते. बुलढाण्यात डिसेंबर २०१८मध्ये ईपीएसवाल्या म्हाताऱ्यांचं साखळी उपोषण सुरू झालं, त्याला आम्ही शिक्षकांनी साधा पाठिंब्याचा कागद तरी दिला का? आम्हाला आमचं पन्नास टक्के दिसत होतं. लोकांनी आम्हाला स्वार्थी म्हटलं तेव्हा राग आला. आज वाटतं, पूर्ण खोटं नव्हतं ते.

आणि आपल्या समाजाबद्दलही बोललं पाहिजे. जकात ही फर्ज आहे, तिच्यामुळे कित्येक चुली पेटतात. पण ज्याचं देणं कारखान्यानं आणि सरकारनं द्यायचं आहे, त्याला आपण थैली देतो आणि देण्याचा विषय मिटवून टाकतो. थैलीसोबत फोटो काढतो, तो ग्रुपवर टाकतो. राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३मध्येच किमान ३,००० रुपये पेन्शन आणि महागाई भत्त्याची शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, तेच जे पुढे साडेतीन वर्षं आपले राज्यपाल होते. ही माहिती आमच्या कमिटीतल्या किती जणांना होती? मला स्वतःला नव्हती. निवेदन द्यायला, खासदाराला गाठायला, ग्रॅच्युइटीचा दावा लावायला आपल्याकडे माणसं नसतात. थैल्या भरायला असतात.

मी दोन भाषा शिकवतो, म्हणून दोन शब्दांबद्दल सांगतो. "हक" आणि "खैरात" हे दोन्ही शब्द मूळ अरबी, फारसीमार्गे मराठीत आले. उर्दूत हक म्हणजे अधिकार आणि हक म्हणजे सत्यही. मराठीनं पहिला अर्थ घेतला, दुसरा राहून गेला. खैरातचा मूळ अर्थ चांगली कामं, पुण्याची कामं. मराठी वर्तमानपत्रांत तो उधळपट्टी झाला: "सवलतींची खैरात". गंमत अशी की गरिबाला काही द्यायचं म्हटलं की मथळ्यात खैरात येते, आणि कंपन्यांना काही दिलं की "प्रोत्साहन" येतं, "पॅकेज" येतं. शब्द कुणाच्या बाजूनं उभे आहेत हे बघितलं की राज्य कुणाचं आहे ते कळतं.

मामूंचा राग गरिबीवर नव्हता. ते गरिबीला घाबरणारे नाहीत. ज्याचा हक होता त्याला मी खैरातीच्या रकान्यात लिहिलं, यावर होता. मामूंना वाढीव पेन्शनचा सुप्रीम कोर्टाचा ४ नोव्हेंबर २०२२चा निकालही लागू होत नाही. तोपर्यंत पर्याय न देता १ सप्टेंबर २०१४च्या आधी रिटायर झालेल्यांना त्यातून वगळलं आहे. त्यांच्यासाठी कोर्टाचा रस्ता बंद झाला, आता राजकारणाचाच उरला आहे. आणि राजकारण एकट्या मामूंच्यानं होणार नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोरच वहीतलं नाव खोडलं. थैली दुसऱ्या घरी गेली. ईदनंतर त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर मी नवी यादी सुरू केली: नाव, कुठे काम केलं, किती वर्षं, पेन्शन किती, ग्रॅच्युइटी किती बाकी. नावं मामू सांगत गेले, मी लिहीत गेलो. आमच्या एका गल्लीत अकरा माणसं निघाली. त्यात मुसलमान सात, पद्मशाली तीन आणि एक मराठा, सहा फूट उंच, एसटीतून रिटायर झालेले. त्या अकरा जणांच्या पेन्शनची बेरीज मी केली. एका माजी आमदाराच्या पेन्शनइतकीही ती भरली नाही.

वाचकहो, तुमच्या गल्लीतही अशी माणसं आहेत. थैली द्यायच्या आधी त्यांना एकदा विचारा, तुमचं कुणाकडे किती बाकी आहे?