खातेवही एक, हात अनेक

जुन्या शाखेत खातेवही एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असे. दोघांनी एकाच ग्राहकाची शिल्लक एकदम लिहिली, तर घोळ ठरलेलाच. शाखा संगणकाने जोडल्या गेल्या, तरी हा नियम बदललेला नाही.

आयबीएमने १९९४ मध्ये ‘पॅरलल सिसप्लेक्स’ ही रचना आणली. तिच्यात ३२ पर्यंत मेनफ्रेम प्रणाली एकाच माहितीसाठ्यावर काम करतात. कोणती नोंद कोणाच्या हाती आहे, हे ‘कपलिंग फॅसिलिटी’ ही सामाईक यंत्रणा सांभाळते. एका प्रणालीने खात्याला कुलूप लावले की दुसरी थांबते. एखादी प्रणाली बंद पडली, तर नवे व्यवहार उरलेल्या प्रणाली पाहतात. अर्धवट राहिलेल्या व्यवहाराचे कुलूप मात्र त्याचा निकाल लागेपर्यंत उघडत नाही.

एवढ्याने बँक निर्धास्त झाली, असे मानणे धोक्याचे आहे. संकट यंत्रावर न येता शहरावर आले तर? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा वेळी दूरचे पर्यायी केंद्र हवे. समुद्रापासून दूर, सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आणि २००२ च्या भूकंप नकाशात सौम्य धोक्याच्या विभाग २ मध्ये असलेले बेंगळुरू त्यासाठी सोयीचे आहे.

मग मुंबई आणि बेंगळुरू येथील यंत्रांचा एकच समूह का करू नये? अडचण अंतराची आहे. १००० किलोमीटरच्या प्रकाशतंतूतून संदेश जाऊन येण्यास किमान १० मिलिसेकंद लागतात. कुलपाचा निर्णय मायक्रोसेकंदांत व्हावा लागतो. त्यामुळे समूह जवळच्या जवळच राहतो आणि दूरची प्रत क्षणभर मागे असते. केंद्र बदलताना त्या क्षणातील नोंदी जुळवून घ्याव्या लागतात, आणि हे काम सरावाविना साधत नाही.

म्हणूनच समूह आहे तर दूरचे केंद्र कशाला, हा काटकसरीचा युक्तिवाद टिकत नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू आहेत. दुरुस्तीसाठी राखीव रात्र आता उरलेली नाही. समूहामुळे एकेक यंत्र बाजूला घेऊन दुरुस्ती करता येते, तर दूरच्या केंद्रामुळे शहर ठप्प झाले तरी बँक उभी राहते. दोन्हींवरील खर्च, तसेच सरावासाठी ग्राहकाने सोसलेली घटकाभराची गैरसोय, ही त्याच्याच ठेवीची राखण आहे.