तो गोरा व्हायला निघाला नव्हता

निवेदक महाशय,

परवाच्या कार्यक्रमात ‘बिली जीन’ सुरू होण्याआधी तुम्ही म्हणालात, “या माणसाला स्वतःच्या काळ्या कातडीची लाज वाटायची, म्हणून पैसे ओतून गोरा झाला.” सभागृह हसलं. ते हसणं मला फार लागलं. मायकल जॅक्सन माझा शाळेपासूनचा आवडता गायक, आणि माझ्या दोन्ही हातांवर कोड आहे.

मायकललाही कोडच होतं. 10 फेब्रुवारी 1993 रोजी ओप्रा विन्फ्रेला दिलेल्या मुलाखतीत त्यानं ते स्वतः सांगितलं. त्वचेचा रंग नाहीसा करणारा हा आजार आपल्या हातात नाही, आणि मला दुसरंच कोणी व्हायचंय असं लोक म्हणतात तेव्हा फार दुखतं, असं तो म्हणाला. मुलाखत थेट प्रक्षेपित झाली, कोट्यवधी लोकांनी पाहिली. तरी टिंगल थांबली नाही. 2009 मध्ये तो गेला, तेव्हा लॉस एंजेलिसच्या शवचिकित्सा अहवालातही कोडाची नोंद झाली. एखादा माणूस खरं बोलत होता हे पटायला त्याचं प्रेत तपासावं लागावं? आणि तुम्हाला तेही पुरलं नाही!

“मग सगळं अंग एकसारखं कसं झालं?” हा प्रश्न मलाही लोक विचारतात. डाग थोडे असतात तोवर माणूस ते गडद मेकअपनं झाकतो. पांढरं वाढत जाऊन मूळ रंगाचेच तुकडे उरले की हिशेब उलटतो. तेव्हा उरलेला रंग मलमानं काढून त्वचा एकसारखी करणं हा त्वचारोगतज्ज्ञांचा मान्य उपचार आहे. पुढे जन्मभर ऊन सोसत नाही. त्याच्या छत्रीवरही लोक हसलेच.

नाकाच्या शस्त्रक्रिया त्यानं लपवल्या नाहीत. 1988 च्या आत्मचरित्रात त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. लहानपणी वडील त्याला नाकावरून चिडवत, हेही त्यानं पुढे सांगितलं. त्यावर हवं ते मत ठेवा. त्याच्यावर झालेले इतर गंभीर आरोप हा वेगळा विषय, या पत्राचा नव्हे.

पण काळेपणाची लाज? एमटीव्हीवर काळे कलाकार क्वचितच दिसत, त्या काळात, 1983 मध्ये, तुम्ही ज्याची थट्टा केलीत त्याच ‘बिली जीन’नं त्यांच्यासाठी वाट मोकळी केली. 1992 च्या ‘रिमेंबर द टाइम’ गाण्याच्या व्हिडिओत त्यानं प्राचीन इजिप्तचं राजघराणं उभं केलं ते एडी मर्फी, इमान अशा काळ्या कलाकारांना घेऊन, दिग्दर्शक जॉन सिंगलटनही काळाच. ओप्राच्या त्याच मुलाखतीत, माझ्या लहानपणाची भूमिका गोऱ्या मुलानं करावी असं मला का वाटेल, असं त्यानं विचारलं आणि आपल्या वंशाचा अभिमान सांगितला. त्याची त्वचा पुरती पांढरी पडल्यावर, 2002 मध्ये, तो न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये उभा राहिला आणि रेकॉर्ड कंपन्या काळ्या कलाकारांना कशा नागवतात ते उघडपणे बोलला. लाज वाटणारा माणूस हे कशाला करेल?

25 जून हा त्याचा स्मृतिदिन. त्याची आठवण म्हणूनच तो जागतिक कोड दिन म्हणून निवडला गेला. पुढचा कार्यक्रम कराल तेव्हा, गाणं सुरू होण्याआधी, त्याच माईकवरून तुमचं ते वाक्य मागे घ्या. समोर माझ्यासारखं कोणीतरी बसलेलं असेल.

तुमची एक श्रोती