हुंडी, यूपीआय आणि संगणकाचा इंटरफेस



या स्तंभात आपण बहुधा कर, कर्ज, ठेवी आणि वारसनोंदी यांविषयी बोलतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, आणि तो माझ्याच एका चुकीच्या सल्ल्यातून सुचला आहे.

माझ्या धाकट्या बंधूंची भांड्यांची घाऊक पेढी आहे. गावोगावच्या किरकोळ दुकानदारांना घरबसल्या मागणी नोंदवता यावी म्हणून त्यांनी संकेतस्थळ करवून घेतले. काम घरचेच, कारण पुतणी संगणक अभियंता आहे. पैसे स्वीकारण्यासाठी एका कंपनीची सेवा घ्यायचे ठरले. तेव्हा पुतणी म्हणाली, "बाबा, पानापानावर या कंपनीचा क्लास थेट वापरायला नको. मध्ये एक इंटरफेस ठेवते. चार दिवस जास्त लागतील." बंधूंना घाई होती. मी शेजारीच बसलो होतो. "कंपनी एकच आहे, मग ही मधली पायरी कशाला?" असे म्हणून मीही त्यांचीच री ओढली.

धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात त्या कंपनीने आपली जुनी पद्धत बंद केली. दुसऱ्या कंपनीशी बोलणी एका दिवसात झाली, परंतु पहिल्या कंपनीचा क्लास मागणीच्या पानात, खातेउताऱ्यात, परताव्यात असा सर्वत्र विणला गेला होता. तो उसवायला पाच दिवस लागले. ऐन हंगामातील ते पाच दिवस होते, आणि काही जुनी गिऱ्हाइके दुसऱ्या पेढीकडे वळली. पुतणी रात्री जागून काम करीत होती, पण "मी सांगितले होते" असे एकदाही म्हणाली नाही. मलाच राहवले नाही. "आता मला नीट समजावून सांग," असे मी तिला म्हणालो.

तिने सांगितलेले मला माझ्या व्यवसायाच्या भाषेत चटकन उमगले. इंटरफेस म्हणजे कराराचा नमुना. कोणती कामे करायची एवढेच त्यात लिहिलेले असते, ती कशी करायची हे नसते. काँक्रीट क्लास म्हणजे तो करार प्रत्यक्ष पाळणारा. 'रक्कम स्वीकारणे, जमा झाल्याची खात्री देणे, परतावा करणे' ही तीन कामे इंटरफेसमध्ये लिहिली, की ती पार पाडणारी कंपनी कोणतीही असो, पानांना तिचे नाव ठाऊक असण्याचे कारण उरत नाही. कंपनी बदलली तर एक क्लास बदलतो, बाकीची पाने जागच्या जागी राहतात.

आपल्या पूर्वजांना हे तत्त्व नवे नव्हते. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यायचे, मुद्दती हुंडीचे मुदत भरल्यावर द्यायचे. हुंडीचा प्रकार आणि रिवाज ठरलेला असे, म्हणून दूरगावच्या अनोळखी गादीवरही ती पटे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने धनादेशाला असेच निश्चित रूप दिले. यूपीआयच्या तर नावातच इंटरफेस हा शब्द आहे. २०१६ साली ही व्यवस्था सुरू झाली. आज गिऱ्हाइकाचे खाते कोणत्या बँकेत आहे, ॲप कोणते आहे, याची चौकशी दुकानदार करीत नाही.

उलट उदाहरणही आपण अनुभवले आहे. १ एप्रिल २०२० रोजी सरकारी क्षेत्रातील दहा बँकांच्या चार बँका झाल्या. पुढे विलीन झालेल्या शाखांचे आयएफएस कोड बदलले, आणि ज्यांनी ते बिलबुकांवर छापून ठेवले होते त्यांना नवी बिलबुके छापावी लागली. विशिष्ट शाखेला बांधून घेणे म्हणजे काँक्रीट क्लासला बांधून घेणे.

मग प्रत्येक गोष्टीला इंटरफेस हवा काय? मी उत्साहाने तसे म्हणताच पुतणी हसली. "नाही काका. बिलाचा तक्ता आपल्याकडे एकच आहे. त्याला इंटरफेस लावला तर तीच नोंद दोन वह्यांत केल्यासारखे होईल." शिवाय एकदा बाहेर दिलेला करार बदलणे अवघड असते. त्यात एक काम वाढवले, की तो पाळणारा प्रत्येक क्लास अपुरा ठरतो. जावा या संगणकभाषेला ही अडचण फार जाचली. अखेर २०१४ मध्ये तिच्या आठव्या आवृत्तीत इंटरफेसमध्येच तयार उत्तर लिहून ठेवण्याची सोय करण्यात आली.

जावाच्या सर्व्हलेट या वेब-व्यवस्थेत दोहोंचा मेळ दिसतो. तेथे सर्व्हलेट हा पाच कामांचा इंटरफेस आहे आणि सर्व्हर तेवढाच ओळखतो. परंतु प्रोग्रामरला ती पाचही कामे स्वतः लिहावी लागत नाहीत. एचटीटीपी-सर्व्हलेट हा बव्हंशी तयार क्लास त्याला पायासाठी मिळतो आणि तो आपल्यापुरता भाग भरतो. बाहेरच्यांशी करार आणि घरात तयार पाया, अशी ही वाटणी आहे.

सत् हे उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य यांनी युक्त असते, हे आपण पाठशाळेत शिकलो. तत्त्वज्ञानाची तुलना संगणकाशी करण्याचा माझा अधिकार नाही. तथापि, बदलणारे काय आणि टिकणारे काय याचा विवेक व्यवहारातही उपयोगी पडतो, एवढे मात्र खरे.

आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्यांसाठी आज संकेतस्थळे तयार होत आहेत. काम देताना तीन प्रश्न अवश्य विचारा. बाहेरच्या कोणत्या कंपन्यांवर आपण अवलंबून आहोत? उद्या त्यांपैकी एक बदलली, तर किती ठिकाणी हात घालावा लागेल? आणि जेथे बदलाचा संभव नाही, तेथे उगाच पायऱ्या वाढवलेल्या नाहीत ना?

चौथी गोष्ट प्रश्नाची नाही. घरातील तरुण मुलगी चार दिवस जास्त मागत असेल, तर नकार देण्यापूर्वी तिचे कारण ऐकून घ्या. आमच्या पेढीवर ते चार दिवस वाचवण्यासाठी हंगामाचे पाच दिवस गेले.