डफाला परवानगी लागते, ड्रोनला लागत नाही

आपल्या राज्यात शाहिराला चौकात गायचं असेल तर पोलिसांची परवानगी लागते. पोलिसांना ड्रोन घ्यायचा असेल तर शाहिराची, त्याच्या वस्तीची किंवा त्या वस्तीने निवडून दिलेल्या नगरसेवकाची परवानगी लागत नाही.

अतिशयोक्ती वाटत असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ उघडून बघा. सार्वजनिक करमणुकीच्या कार्यक्रमांना परवाने देण्याचे नियम कलम ३३ खाली होतात. कलम ३७ (१) मध्ये आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी कशाकशावर बंदी घालू शकतात त्याची यादी आहे. तलवारी, सोटे, दगड बाळगणं त्यात आहे आणि त्याच यादीत गाणी म्हणणं आणि वाद्यं वाजवणंही आहे. कायद्याच्या नजरेत दगड आणि डफ शेजारी शेजारी बसलेत! नाटकाची संहिता आधी तपासणारं रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळ आहे ते वेगळंच. अमोल पालेकरांनी २०१६ साली या पूर्वतपासणीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा अनेकांना ती अजून अस्तित्वात आहे हे पहिल्यांदा कळलं. आपल्या जलसेवाल्यांना ते सांगावं लागत नाही.

जयंतीच्या कार्यक्रमासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या मी बऱ्याचदा चढले आहे. आयोजकांची आधार कार्डं, मंडपाचा नकाशा, वाहतूक शाखेचं ना-हरकत, लाऊडस्पीकरचा परवाना आणि एका वर्षी तर गाण्यांची यादीसुद्धा मागितली. "आक्षेपार्ह काही नाही ना?" असं विचारणाऱ्या साहेबांच्या मागच्या पडद्यावर आमच्याच वस्तीचा चौक थेट दिसत होता. तो कॅमेरा कुणाच्या पैशाने बसला, चित्रण किती दिवस ठेवतात, ते कोण कोण बघतं, हे वस्तीला कुणी विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं.

यावर आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात की पोलीस हा राज्याचा विषय, महानगरपालिकेने गटार, पाणी, कचरा बघावा. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस राज्यसूचीत आहेत हे खरंच. पण पैसा अनुसूची बघून वाहत नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून पोलिसांना गाड्या मिळतात आणि पालकमंत्री हिरवा झेंडा दाखवतात. नगरसेवक आपल्या वॉर्डातल्या निधीतून कॅमेरे बसवतात आणि खाली स्वतःच्या नावाची पाटी लावतात. सर्वांत मोठा मार्ग स्मार्ट सिटीचा. २५ जून २०१५ ला हे अभियान सुरू झालं. निवडलेल्या प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली एक वेगळी कंपनी काढली, तिच्यात राज्य आणि महानगरपालिका यांचा निम्मा-निम्मा हिस्सा. शंभरच्या शंभर शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. नागपुरात चौकाचौकांतले कॅमेरे स्मार्ट सिटी कंपनीच्या प्रकल्पातून लागले आणि त्यातून बघतात पोलीस. ही कंपनी महानगरपालिकेची भागीदार, पण निर्णय संचालक मंडळात, बंद खोलीत. सभागृहात प्रश्न विचारणारा साधा नगरसेवक तिथे प्रेक्षक असतो.

त्यातही मार्च २०२२ ला मुंबई, पुणे, नागपूर इथल्या सभागृहांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक बसले. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात स्थायी समिती १६ सदस्यांची. तिजोरीची किल्ली तिच्या हातात. जवळजवळ चार वर्षं त्या सोळांचं काम एका अधिकाऱ्याने केलं. प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं प्रशासन एकच. तेव्हा आपण रस्त्यावर किती वेळा उतरलो?

आता कलेकडे या. त्याच अधिनियमात काही कामं बंधनकारक आहेत आणि काही ऐच्छिक. रस्ते, दिवाबत्ती, पाणी बंधनकारक. ग्रंथालय, संग्रहालय, कलादालन ऐच्छिक, म्हणजे उरलं तर करा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि तिच्यात १३ व्या क्रमांकावर सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचं संवर्धन हे शहराच्या कारभाराचं काम म्हणून लिहिलं. कागदावर. प्रत्यक्षात सांस्कृतिक खर्च म्हणजे महोत्सवाचा मांडव, रोषणाई, स्वागतकमानी आणि सेलिब्रिटीचं मानधन. शाहिराच्या वाट्याला शाल आणि नारळ. आयुष्यभर गाऊन म्हातारा झालेल्या कलावंताला राज्याच्या योजनेतून महिन्याला ५,००० रुपये मिळतात, तेही फाइल जिल्ह्याच्या समितीतून सुखरूप बाहेर पडली तर.

आणि आपले नगरसेवक? निवडून आले की पुतळ्याचं सुशोभीकरण, कमान, समाजमंदिराला रंग. रंग दिलेल्या त्या समाजमंदिराला वर्षभर कुलूप. आत ढोलकी नाही, तालमीला जागा नाही आणि किल्ली कुणाकडे ते शोधायला दोन दिवस. भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव जे प्रबोधन केलं त्याची थोरवी आपण भाषणात सांगतो. पण आज जलसा करणाऱ्या पोरांसाठी अंदाजपत्रकात एक लेखाशीर्ष मागायचं आपल्याला सुचत नाही.

हे असंच चालतं, चालणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा कॅलिफोर्नियाकडे बघावं. तिथलं सगळं चांगलं आहे म्हणून मी हे सांगत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला तिथे एक कायदा झाला, विधेयक क्रमांक ४८१. ड्रोन, चिलखती गाड्या, अश्रुधूर, कानठळ्या बसवणारी ध्वनियंत्रं, रबरी गोळ्यांच्या बंदुका अशी लष्करी स्वरूपाची सामग्री पोलिसांना विकत घ्यायची, फुकट घ्यायची किंवा वापरायची असेल तर आधी शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाची मंजुरी. वस्तू कोणती, किती, कशासाठी, किमतीला किती, हे सगळं धोरणात लिहायचं. ते सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी संकेतस्थळावर टाकायचं. दरवर्षी वापराचा अहवाल, दरवर्षी लोकांसमोर किमान एक बैठक. शिवाय १९५३ पासूनच्या ब्राउन कायद्यामुळे अशा सभेत सामान्य माणूस उभा राहून बोलू शकतो. मिनिट-दोन मिनिटं मिळतात, पण बोलतो. आपल्याकडे स्थायी समितीत वस्तीतल्या बाईने उभं राहून बोलायची कल्पना करून बघा.

आता त्या कायद्याची परीक्षा. लॉस एंजेलिसच्या पोलिसांना कुत्र्याच्या आकाराचा चार पायांचा यंत्रमानव हवा होता. किंमत २,७७,९१७ डॉलर. पैसे सरकारचे नाहीत, पोलीस फाउंडेशन नावाच्या खासगी संस्थेची देणगी. देणगी असली तरी मंजुरी लागतेच, म्हणून विषय सभागृहाकडे आला. आधी सार्वजनिक सुरक्षेची समिती, मग पूर्ण सभागृह. लोक आले, ओरडले, मार्च २०२३ मध्ये निर्णय लांबला. शेवटी मे महिन्यात ८ विरुद्ध ४ मतांनी यंत्र मंजूर झालं, दर तीन महिन्यांनी वापराचा अहवाल देण्याच्या अटीवर.

म्हणजे लोक हरलेच. मग उपयोग काय, असं विचाराल. त्याच राज्यातल्या सॅन फ्रान्सिस्कोत २९ नोव्हेंबर २०२२ ला सभागृहाने पोलिसांना यंत्रमानवाकडून प्राणघातक बळ वापरायची मुभा ८ विरुद्ध ३ मतांनी दिली. प्रस्ताव उघड्यावर आला होता म्हणून बातमी झाली, निदर्शनं झाली आणि ६ डिसेंबरला, म्हणजे सातव्या दिवशी, त्याच सभागृहाने निर्णय फिरवला. प्रस्ताव बंद खोलीत झाला असता तर यंत्राने पहिला माणूस मारल्यावर कळलं असतं.

पण कलेच्या बाबतीत तिथेही तोच भेदभाव. लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांकडून १४ टक्के कर घेतात आणि त्या १४ पैकी १ कलाविभागाच्या वाट्याला. पर्यटक आले तर कला जगणार. २०२० ला हॉटेलं ओस पडली आणि कलेचं उत्पन्न आटलं. पोलिसांचा पगार मात्र पर्यटकांवर अवलंबून नाही. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर लोक रस्त्यावर आले तेव्हा १ जुलै २०२० ला त्या सभागृहाने पोलिसांच्या तरतुदीतून १५ कोटी डॉलर कापले. पुढच्याच वर्षी ती तरतूद पुन्हा वाढली. कला उरलेल्यातून आणि पोलीस आधी, ही वाटणी कुठल्या एका पक्षाची नाही. तिथे बऱ्याच शहरांत कलेची समिती वेगळी आणि सुरक्षेची वेगळी. दोन रकमा एका कागदावर शेजारी ठेवून कुणी वाचतच नाही, म्हणून ती वाटणी नैसर्गिक वाटते.

परदेशातल्या नगरपालिकांचं आपल्याला काय, असंही कुणी म्हणेल. सिॲटलच्या नगर परिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ ला जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. त्या सभेत बोलण्यासाठी रांगेत आपली माणसं होती. त्यांना ठाऊक होतं की संसदेपर्यंत जाण्याआधी एक दार असतं, आणि ते महापालिकेचं असतं.

हे दार आपल्याला नवं आहे का? ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने त्याच धर्तीवर चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो कागदच राहिला. मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले आणि सवर्णांच्या दबावापुढे झुकून ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला. पाणी ठरावाने मिळालं नाही हे खरं. पण ठराव होता म्हणून बाबासाहेबांची बाजू न्यायालयात भीक म्हणून गेली नाही, हक्क म्हणून गेली. ज्यांनी प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला त्यांचे अनुयायी महापालिकेचं अंदाजपत्रक रद्दीत घालतात, याला काय म्हणायचं?

डफ आणि बंदूक यांचा हिशेब एकत्र का करायचा, तर आपल्या इतिहासात ते एकत्रच आले आहेत. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक महामार्गावर जमले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० जीव गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. गोळ्यांसाठी पैसा होता. घोगरेंसारख्या माणसाला जगवणारा पैसा कुठल्या लेखाशीर्षात होता? पुढे कबीर कला मंचाच्या पोरांचं काय झालं तेही आपण पाहिलं. शीतल साठे २०१३ ला विधानभवनासमोर हजर झाल्या तेव्हा गरोदर होत्या. सचिन माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं.

पोलिसांकडे काहीच नको, असं माझं म्हणणं नाही. ॲट्रॉसिटीची तक्रार नोंदवायला आपणच ठाण्यात जातो, गाडी वेळेवर आली नाही म्हणून ओरडतो. पण मार्च २०२४ मध्ये राज्याने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची 'मार्व्हल' ही कंपनी नागपुरात काढली. गुन्हेगार कोण असेल याचा अंदाज यंत्र बांधू लागलं आणि त्या यंत्राला जुन्या नोंदी खाऊ घातल्या, तर त्या नोंदींत कुणाच्या वस्त्या भरलेल्या असतील? पारधी, कैकाडी, बौद्ध, मुसलमान. या यंत्राबद्दल प्रश्न विचारायला कुठली समिती आहे?

नवे नगरसेवक आता सभागृहात आहेत, त्यात आपल्या मतांवर गेलेलेही आहेत. त्यांच्याकडे कमान मागू नका. महापालिकेच्या किंवा तिची भागीदारी असलेल्या कंपनीच्या पैशातून, तसंच देणगीतून पोलिसांसाठी जे यंत्र येईल त्याचा प्रस्ताव मंजुरीच्या महिनाभर आधी संकेतस्थळावर टाकावा आणि वर्षातून एकदा प्रभागात त्याचा हिशेब द्यावा, असा ठराव मागा. वस्तीतल्या लोककलेसाठी वेगळं लेखाशीर्ष मागा आणि समाजमंदिराची किल्ली तालमीसाठी मागा.

ठराव होईपर्यंत माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून दोन अर्ज करा. एकात विचारा की आपल्या प्रभागात गेल्या पाच वर्षांत महापालिकेच्या आणि स्मार्ट सिटी कंपनीच्या खर्चाने किती कॅमेरे बसले, किती रुपयांना आणि कुठल्या मंजुरीने. दुसऱ्यात विचारा की त्याच पाच वर्षांत सांस्कृतिक कार्यक्रमांवर किती खर्च झाला आणि त्यातला किती पैसा कुठल्या कलापथकाला मिळाला. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाका. दोन्ही उत्तरं हातात आली की ती एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि तो कागद घेऊन नगरसेवकाच्या दारात जा.

जयभीम.