शाळेचा शेवटचा महिना आणि आपली मुले

शाळेचे वर्ष संपत आले की आपल्या वस्त्यांत एक वेगळीच धांदल सुरू होते. स्नेहसंमेलन, सहल, बक्षीस समारंभ, चौथीच्या मुलांचा निरोप, मग वार्षिक परीक्षा आणि शेवटी निकाल. मुलांना हे दिवस फार प्रिय असतात. आईबापांना मात्र याच दिवसांत खिशाकडे पाहावे लागते. म्हणून या खेपेस या विषयावर चार शब्द बोलावे असे आम्हांस वाटले.

स्नेहसंमेलन, म्हणजे मुलांच्या भाषेत गॅदरिंग, ही चांगली गोष्ट आहे. वर्षभर बाकावर गप्प बसणारे मूल त्या दिवशी स्टेजवर उभे राहते, चारशे माणसांसमोर बोलते, नाचते. ही हिंमत पुस्तकातून येत नाही. पण अलीकडे त्याला भाड्याच्या ड्रेसची बाधा झाली आहे. आमच्या वस्तीतील तिसरीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. शाळेने कोळीनृत्यासाठी साडेतीनशे रुपये मागितले. पोरीने घरी पैशाचा विषयच काढला नाही. "मला नाच येत नाही, म्हणून बाईंनी घेतलं नाही," एवढेच आईला सांगितले. आणि संध्याकाळी चाळीच्या जिन्याखाली तीच मुलगी लहान पोरींना तो सबंध नाच शिकवताना शेजारणीने पाहिली! आठ वर्षांचे लेकरू आईची अडचण ओळखते आणि आपली हौस गिळते, हे ऐकून आमच्या पोटात तुटले.

आम्ही तिघे-चौघे पालक मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. बाई समजूतदार होत्या. त्यांचे म्हणणे असे, की पालकच झगमगाट मागतात. त्यातही तथ्य होते. पुढच्या वर्षी ठरले, की ड्रेस भाड्याने आणायचे नाहीत. घरातली लुगडी, ओढण्या, बापाचा शर्ट यांतूनच सारे करायचे. आयांनी दोन दुपारी बसून शिवणटिपण केले. नाच पूर्वीइतकाच रंगला आणि ती मुलगी पहिल्या रांगेत होती.

पालकांनो, हे काम भांडून करण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी, पालिकेच्या व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गॅदरिंगला किती खर्च करायचा, सहल कुठे न्यायची, हे तिथे बोला. सभेची चिठ्ठी आली की "आम्हाला काय कळतंय" म्हणून ती चुलीत घालू नका.

दुसरी गोष्ट एप्रिल महिन्याची. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती आणि याच महिन्यात मुलांची वार्षिक परीक्षा. जयंती थाटात व्हावी याबद्दल दुमत नाही. परंतु रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, ती आपण आधी पाळावी. त्याहून बरे म्हणजे मंडळांनी परीक्षा संपेपर्यंत रोज संध्याकाळी दोन तास विहार मुलांच्या अभ्यासासाठी उघडा ठेवावा. एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे पोराने पाढे कुठे बसून म्हणायचे? कॉलेजात जाणारी आपलीच दोन मुले शिकवायला बसवा. वर्गणीतला खर्च नुसत्या दिव्याचा.

मग येतो निकाल. बहुतेक मराठी शाळांत तो १ मे रोजी लागतो. महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने कामगार बापालाही त्या दिवशी शाळेत जाता येते. जरूर जावे. बाईंना विचारावे, मूल कशात मागे आहे, वाचनात की गणितात. शेजारच्या पोराचे गुण काढून आपल्याला मारू नये. पाचवी आणि आठवीच्या पालकांनी जास्त सावध राहावे. कायद्यात २०१९ साली बदल झाला आणि आपल्या राज्याने २०२३ साली या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा पुन्हा लागू केली. मूल मागे राहिले तर निकालानंतर दोन महिन्यांत त्याला पुन्हा परीक्षेची संधी असते. तीतही नापास झाले तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणून गावाची गाडी धरण्यापूर्वी फेरपरीक्षेची तारीख विचारून घ्या.

ज्यांची शाळा चौथीलाच संपते त्यांनी दाखला नीट वाचावा. आमची वीस वर्षे कचेरीत कागद सांभाळण्यात गेली, म्हणून कळकळीने सांगतो. नाव, आडनाव, जन्मतारीख, धर्म, जात ही प्रत्येक नोंद तपासा. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्तीचा अर्ज द्या. एकदा शाळा सुटली की तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते आणि पुढे जातीच्या दाखल्यास अडते.

आता आपल्या समाजाने करायचे एक काम. बाबासाहेब इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा लोकांनी सत्काराची सभा घ्यायचे ठरवले. सुभेदार रामजींनी प्रथम साफ नकार दिला. नुसती परीक्षा तर पास झाला आहे, पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. दादा केळुसकरांनी त्यांचे मन वळवले, स्वतः अध्यक्ष झाले आणि आपण लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिले. बाबासाहेबांनीच हे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितले आहे. चरित्रकार हा सत्कार १९०७ सालच्या मॅट्रिकच्या वेळचा मानतात. इयत्ता कोणतीही असो, त्या एका पुस्तकाने पुढे काय घडवले हे आपणांस सांगायला नको.

तेव्हा मे महिन्यात एखाद्या रविवारी वस्तीतल्या चौथी पास झालेल्या सगळ्या मुलांना विहारात बोलवा. पहिला आला त्यालाही आणि काठावर पास झाला त्यालाही. हार नको, शाल नको, ट्रॉफी नको. प्रत्येकाला एक पुस्तक द्या. मुलींची नावे आधी पुकारा, कारण पुढची शाळा लांब आहे म्हणून सर्वांआधी त्यांचेच दप्तर खुंटीला लागते. आणि त्यांच्या आईबापांकडून तिथेच, चार माणसांसमोर, एवढे वदवून घ्या की जूनमध्ये पोरगी पाचवीच्या वर्गात बसलेली असेल. जून उजाडला की कोणी बसली नाही हे पाहायला दोन बायका नेमा. आमच्या वस्तीत आम्ही नेमल्या आहेत.

जयभीम!