वहिनींचे ताट वेगळे का?

एका भगिनीचे पत्र आले आहे. वहिनींना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. 'हा विषाणूमुळे होतो' असे डॉक्टर बोलले आणि त्या दिवसापासून सासूबाईंनी वहिनींचे ताट-तांब्या वेगळा केला. हे योग्य आहे का?

आधी ते ताट पंगतीत परत आणा, ताई, मग पुढचे वाचा. एकत्र जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने कॅन्सर लागत नाही.

विषाणूचे मात्र खरे आहे. त्याचे नाव एचपीव्ही. तो शरीरसंबंधातून येतो. संसारी बायकांपैकी बहुतेकींना तो कधी ना कधी होतो आणि वर्षा-दोन वर्षांत बहुधा आपसूक जातो. म्हणून त्यावरून कुणाच्या शीलाची चर्चा नको. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो.

मग काय होते? आपल्या पेशींत प्रथिने रोज घडतात आणि नको असलेली मोडीत निघतात. मोडीत काढायच्या प्रथिनावर 'युबिक्विटिन' नावाची खूण चिकटते. जंगलात ज्या झाडावर वनखात्याचा शिक्का, तेवढेच तोडायचे, तसे. ही रीत शोधणाऱ्या तिघांना २००४ साली नोबेल मिळाले.

पेशीत पी-५३ नावाचे प्रथिन असते. तो पेशीचा जागल्याच. बिघडलेल्या पेशीची वाढ तो रोखतो, बिघाड फार असेल तर तिला मरायला लावतो. विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीतल्याच एका शिक्केवाल्याला फितवते आणि शिक्का नेमका जागल्यावर मारून घेते. १९९० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवले. जागल्या नवा घडतो, पण टिकू दिला जात नाही. प्रयोगशाळेत ई-६ बंद पाडले की तो पुन्हा उभा राहतो!

हे सारे व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात. तेवढी सवड आपल्याला असते. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने खेड्यांतल्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. ज्या गटाला एचपीव्हीची तपासणी एकदाच देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा वहिनींबरोबर दवाखान्यात जाल त्या दिवशी, तुमची तिशी उलटली असेल तर स्वतःचीही तपासणी करून घ्या. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी लस आहे. आणि पाळी गेलेल्या सासूबाईंना अंगावरून पुन्हा लाल दिसले, तर त्यांनाही लाजेपायी घरी बसू देऊ नका.